विमानदुरुस्तीचा परवाना आणि आपल्या मुली

यवतमाळहून नागपूरला जाणारी एस.टी. वर्धा, बुटीबोरी मागे टाकून खापरीजवळ येते, तेव्हा मिहानचा परिसर लागतो. एअर इंडियासाठी बोइंग कंपनीने बांधून दिलेले विमानदुरुस्ती केंद्र तिथे २०१५ पासून आहे. दवाखाना, परीक्षा, मोर्चा अशा कामांनी आपण या रस्त्याने कितीदा तरी गेलो. पण त्या हँगरमध्ये आपली एखादी मुलगी पाना घेऊन उभी असेल, असे किती जणींच्या मनात आले?

कळंब तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला. एक आई पटकन म्हणाली, “म्हणजे एअर होस्टेस बनते का पोरगी?” तिला हसू नये. विमानातली बाई म्हणजे ट्रे घेतलेली बाई, हेच चित्र आपल्याला दाखवले गेले. त्या नोकरीतही पहिल्या गरोदरपणात घरी पाठवण्याचा नियम होता. तो रद्द व्हायला नर्गिस मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. आणि त्याच निकालाने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याचा नियम मात्र कायम ठेवला!

मेकॅनिकचे काम वेगळे आहे. विमान दुरुस्त झाल्यावर ते उड्डाणास योग्य आहे, असे परवानाधारक व्यक्तीने सही करून द्यावे लागते. त्या सहीशिवाय वैमानिकाला विमान हलवता येत नाही. परवाना देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. मग मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण, प्रत्यक्ष विमानावर अनुभव आणि विषयवार परीक्षा. उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के गुण लागतात. ‘अ’ वर्गाचा परवाना साध्या, नेहमीच्या कामांपुरता असतो. ‘बी-१’ इंजिन आणि यंत्रभागांचा, ‘बी-२’ विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा.

मला महत्त्वाची वाटते ती ही सही. आपल्या जिल्ह्यात नवरा आत्महत्या करून गेला तरी सातबाऱ्यावर बाईचे नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. जन्मभर राबलेल्या शेतावरही तिची सही चालत नाही. तिच्या लेकीची सही मात्र शेकडो माणसांच्या जिवाची जबाबदारी घेऊ शकते.

“बाईला एवढी ताकद कुठून?” हा प्रश्न ठरलेलाच. कापसाची गाठोडी डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला तो कुणी विचारत नाही. विमानाचा बोल्ट ठरलेल्या मापानेच आवळायचा असतो. टॉर्क रेंच ते माप दाखवतो, त्याहून जास्त जोर लावणे ही चूकच. अमेरिकेत फीबी ऑमली या बाईंना विमान मेकॅनिकचा परवाना १९२७ सालीच मिळाला होता.

खरी अडचण पैशांची आणि अंतराची आहे. या शिक्षणाचा खर्च काही लाखांत जातो. कर्जबाजारी घरात एवढी रक्कम निघालीच तर मुलाच्या शिक्षणासाठी निघते. मुलींसाठी व्यावसायिक शिक्षणाची फीमाफी राज्य सरकारने २०२४ मध्ये जाहीर केली, पण ती केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून जाणाऱ्यांसाठी. विमानदुरुस्तीच्या संस्था आपले प्रवेश स्वतः करतात. ही फीमाफी तिथपर्यंत पोचावी, ही मागणी आपण का करू नये?

कमी खर्चाची एक वाट आहे. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दसॉ कंपनीच्या सहभागाने २०१९ मध्ये विमानाचे सांगाडे व उपकरणे जोडणाऱ्या फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. दहावीनंतर तिथे जाता येते. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. पण मुलगी आयटीआयच्या दारात गेली की तिला शिवणकाम किंवा ब्यूटी पार्लर सुचवणारे भेटतात, आणि तेही मोठ्या प्रेमाने. मात्र या अभ्यासक्रमाने हाताला काम मिळते, सहीचा अधिकार मिळत नाही, हेही मुलींना आधीच सांगायला हवे.

आणखी एका गोष्टीत सावध राहायला हवे. ‘एव्हिएशन’ हा शब्द पाटीवर लिहून भरमसाठ फी घेणारे वर्ग गावोगावी जाहिरात करतात. एका मैत्रिणीच्या भाचीने असेच सहा महिने घालवले. हाती आले ते केवळ एक रंगीत प्रमाणपत्र. संस्थेचे नाव डीजीसीएच्या यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे.

रात्रपाळीचेही बोलले पाहिजे. विमाने रात्री उभी असतात, म्हणून बरीच दुरुस्ती रात्रीच चालते. १९४८ च्या कारखाना कायद्यातली स्त्रियांच्या रात्रपाळीवरची बंदी मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली घटनाबाह्य ठरवली. पण रात्रपाळीला नेणारी-आणणारी सुरक्षित गाडी आणि हँगरमध्ये बायकांसाठी संडास नसेल, तर निकालाचा कागद काय कामाचा? नागपुरात स्वस्त वसतिगृह हवे, तेही या मागणीतच आले.

आपल्या गटांचे काम दहावीच्या निकालाच्या आठवड्यातच सुरू होते. बारावीनंतर बोलून उशीर होतो, कारण तोवर गणित सुटलेले असते. राळेगाव, घाटंजी, मारेगाव इथल्या मैत्रिणींनी येत्या जूनमध्ये शाळेतून गुणपत्रिका घेऊन निघणाऱ्या मुलींना गाठावे, आणि त्यांच्या आयांनाही.