संचालकांचे अज्ञान

2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळवर विषारी वायूचे जे संकट कोसळले, त्याची चर्चा बहुधा यंत्रांभोवतीच फिरत राहते. मिथाइल आयसोसायनेटची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, निसटता वायू जाळून टाकणारा मनोरा निकामी होता, हे सारे खरेच. परंतु काही यंत्रे आपणहून बंद पडतात आणि काही बंद ठेवली जातात. थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवली गेली होती. आणि असा निर्णय चालू देणारे कोणी तरी वर बसलेले असते.

कारखाना तोट्यात होता आणि खर्चकपात सुरू होती. मे 1982 मध्ये मूळ अमेरिकन कंपनीच्या तज्ज्ञांनी पाहणी करून गंभीर उणिवा लेखी नोंदविल्या होत्या. म्हणजे धोक्याची माहिती कंपनीच्या दप्तरात होती. तिच्यावर वेळीच पुरेसा अंमल झाला नाही, एवढेच. पुढे 7 जून 2010 रोजी भोपाळच्या न्यायालयाने तत्कालीन अध्यक्षांसह ज्या हयात अधिकाऱ्यांना दोषी ठरविले, त्यांना दोन वर्षांची सजा झाली. तोवर 25 वर्षे उलटली होती.

अर्थशास्त्र ज्याला बाह्य व्यय म्हणते, तो कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. नासलेल्या विहिरीचा आणि निकामी फुप्फुसाचा खर्च कारखान्याच्या कुंपणाबाहेरची माणसे भरतात. संचालक मंडळाला निवडून देतात ते भागधारक. नदीला मत नसते आणि झोपडपट्टीलाही नसते. तेव्हा हा खर्च मंडळासमोर आणण्याचे काम कायद्यानेच केले पाहिजे.

ते काही अंशी झालेही आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 166 व्या कलमाने समाजाचे हित व पर्यावरणाचे रक्षण यांचा संचालकाच्या कर्तव्यात समावेश केला. 135 व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावयास लावले. पण शाळेला बाके दिल्याने नाल्यात सोडलेले आम्ल निवळत नाही. शिवाय 149 व्या कलमानुसार स्वतंत्र संचालकावर जबाबदारी येते ती मुख्यतः त्याला माहीत असलेल्या, त्याच्या संमतीने झालेल्या किंवा त्याने दक्षता न बाळगल्यामुळे घडलेल्या गोष्टींची. यांतील दक्षता हा शब्द मोलाचा आहे, मात्र तिचे माप कोठेच ठरलेले नाही. परिणामी, जो कमी विचारतो तो अधिक सुरक्षित राहतो.

जबाबदारी कडक केल्यास भली माणसे संचालकपद स्वीकारणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. म्हणून प्रत्येक अपघाताची शिक्षा संचालकाला व्हावी, असे कोणी म्हणणार नाही. मात्र काही प्रश्न विचारणे त्याला बंधनकारक असावे. कोणती सुरक्षा यंत्रणा बंद आहे, तपासणीतील कोणता आक्षेप किती महिने पडून आहे, प्रदूषण मंडळाच्या नोटिशीला काय उत्तर गेले, या तीन बाबी प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात नोंदविल्या जाव्यात. तपासणीचा अहवाल व्यवस्थापकाच्या हातून गाळून नव्हे, तर थेट मंडळाकडे यावा.

नफ्याचा आकडा तिमाहीगणिक संचालकांपर्यंत बिनचूक पोहोचतो. धोक्याचा आकडाही त्याच वाटेने येऊ शकतो. तो आला नाही, तर ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ हा बचाव न राहता तोच कबुलीजबाब मानला गेला पाहिजे.