मजबूत केंद्र मागितले होते कशासाठी?

दिल्लीने सगळे आपल्या मुठीत ठेवले आहे, ही तक्रार ठाण्यापासून कल्याणपर्यंत रोज ऐकू येते. ती खोटी नाही. पण मजबूत केंद्र आपल्याच घटना समितीने का मागितले, हे माहीत असल्याशिवाय जाब तरी कशाचा विचारणार?

१. १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच होते. डिसेंबर १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावातही शेषाधिकार घटकांकडेच होते. ३ जून १९४७ ला फाळणी जाहीर झाली आणि सारे चित्र पालटले. जुलैत नेहरूंच्या अध्यक्षतेखालील समितीने मजबूत केंद्राची शिफारस केली. दुबळे केंद्र ही मुस्लिम लीगला सोबत ठेवण्याची किंमत होती. लीगच गेल्यावर ती कोणासाठी मोजायची?

२. पुरावा आपल्या दारातच आहे. महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर नाव दिले; पत्ता मात्र लोक अजूनही कॅम्प नंबरानेच सांगतात. पंजाब आणि बंगालचा निदान काही भाग इकडे राहिला, सिंध अख्खा गेला. मग ही माणसे कोणत्या प्रांताची? कराचीत राहिलेल्या घरादाराचा हिशेब परक्या देशाशी मुंबई प्रांताने करायचा होता का? ज्यांचा प्रांतच उरला नाही, त्यांना केंद्राखेरीज वाली नव्हता.

३. संस्थानांचेही तेच. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला जव्हार होते. ते १९४८ मध्ये विलीन झाले. जीआयपी रेल्वे आणि निजाम, शिंदे व धोलपूर या संस्थानांच्या रेल्वे एकत्र करून ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे उभी राहिली. हे प्रांतांच्या मर्जीवर सोडले असते तर झाले असते?

४. पण अधिकार घेतला की उत्तरदायित्वही आले. रेल्वे हा निव्वळ केंद्राचा विषय आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले, जीव गेले. दारात लोंबकळणाऱ्याला शिस्त शिकवणे सोपे आहे. दिवा-डोंबिवलीकराला आत उभे राहायला जागा देणे हे केंद्राचे काम आहे, आणि त्याचा जाब केंद्रालाच द्यावा लागेल.

५. आणि राज्य सरकारने यात साळसूद बनू नये. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना सांगितले होते, की एरवी ही रचना संघराज्याचीच राहील. एकात्म रूप युद्धासारख्या प्रसंगासाठी. तोच न्याय राज्य आणि महापालिकेला लावला, तर कल्याण-डोंबिवलीत कोणते युद्ध चालू होते? २०२० मध्ये मुदत संपलेल्या महापालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली पाच वर्षे प्रशासकाची. आधी करोना, मग आरक्षणाचा खटला, कारणे होतीच. तरी एवढा काळ मंत्रालयाला ती अडचण वाटली, की सोय? निर्वासितांना छप्पर द्यायला दिल्ली लागली होती. आमच्या गल्लीतले गटार साफ करायला आम्ही निवडलेला नगरसेवक पुरतो.