शिक्का कोणाच्या रक्षणासाठी?

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘द पोस्ट’ (२०१७) हा चित्रपट वृत्तपत्रस्वातंत्र्याचा गौरव म्हणून पाहिला जातो. प्रशासनात काम करणाऱ्यांनी मात्र तो आपल्यावरील आरोपपत्र म्हणून पाहावा, असे माझे मत आहे.

व्हिएतनाम युद्धासंबंधीचा सुमारे ७,००० पानांचा तो अहवाल अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनीच, मॅक्नमारा यांनी, १९६७ साली करवून घेतला होता. त्यावर ‘अतिगोपनीय’ असा शिक्का होता आणि आत चार राष्ट्राध्यक्षांच्या काळात जनतेपासून दडवलेले सत्य! जून १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि पाठोपाठ ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ते छापले, तेव्हा शासनाने राष्ट्रीय सुरक्षेची ढाल पुढे केली. ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी छपाईवरील बंदी नाकारली. तिथे शासनाची बाजू मांडणाऱ्या अर्विन ग्रिस्वोल्ड यांनीच १९८९ मध्ये लिहिले की, या प्रकाशनामुळे सुरक्षेला धोका पोचल्याची खूणही आपल्याला दिसली नाही.

मग शिक्क्याने रक्षण कोणाचे केले? देशाचे नव्हे, निर्णय घेणाऱ्यांच्या अब्रूचे.

आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आजही लागू आहे. मात्र व्यापक जनहितासाठी माहिती देण्याच्या आड तो येऊ शकत नाही, असे माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ८(२) सांगते. तरीही फाइलवर ‘गोपनीय’ लिहिणारा हात सवयीनेच चालतो. माझी मागणी साधी आहे: शिक्का मारणाऱ्याने त्याखाली कारण, मुदत आणि स्वतःचे नाव लिहावे. निम्मे शिक्के आपोआप थांबतील.