पाकिटावरचा ‘हेअरबॉल’ हा शब्द शेवटी वाचा

रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, की काही पेशंट हळूच विचारतात, “डॉक्टर, आमचं मांजर सारखे केसांचे गोळे ओकतं. दुकानदार ‘हेअरबॉल कंट्रोल’चं खाणं घ्या म्हणतो. घेऊ का?” मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नाही. पण लक्षण दाबायचं की कारण शोधायचं, हा प्रश्न माणसाला आणि मांजराला सारखाच लागू आहे. म्हणून माझं मत सांगतो.

गोळा होतो कसा?

मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना सुटलेले केस त्यात अडकतात आणि गिळले जातात. केस पचत नाहीत. बरेचसे शौचावाटे निघून जातात. जे पोटात राहतात त्यांचा गुंता होतो आणि तो उलटीतून बाहेर येतो. अन्ननलिकेतून येताना दाबला गेल्यामुळे तो गोल नसून बोटासारखा लांबट दिसतो.

अधूनमधून एखादा गोळा पडला आणि मांजर लगेच नेहमीसारखं खाऊ-खेळू लागलं, तर काळजी नको. पण हे वारंवार होत असेल तर दोन प्रश्न विचारा. मांजर इतके केस गिळतंय का? आणि गिळलेले केस पोटातून पुढे का सरकत नाहीत? पहिल्यामागे पिसवा, त्वचेची ॲलर्जी किंवा बंद फ्लॅटमधला कंटाळा असू शकतो. दुसऱ्यामागे आतड्याची सूज असू शकते. यातलं काहीही पाकीट बदलून बरं होत नाही.

त्या पाकिटात वेगळं काय असतं?

मुख्यतः जास्तीचा चोथा, म्हणजेच फायबर: सेल्युलोज, बीटाचा चोथा किंवा आपलं इसबगोल. केस शौचावाटे पुढे ढकलले जावेत ही कल्पना. काही मांजरांना त्याने फरक पडतो, सगळ्यांना नाही. शिवाय इसबगोल लिहून देताना मी पेशंटला बजावतो, “वर भरपूर पाणी प्या.” मांजराला हे कोण सांगणार? त्याचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, शिकारीतूनच बरंचसं पाणी मिळवणारे. त्यामुळे त्याला तहान कमीच लागते. ड्राय फूडमध्ये पाणी साधारण १० टक्के असतं, वेट फूडमध्ये ७५ ते ८० टक्के. चोथा वाढवला आणि पाणी वाढवलं नाही, तर बद्धकोष्ठाला आमंत्रणच.

मग खाणं कसं निवडायचं?

१. प्रौढ मांजरासाठी ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असं पाकिटावर लिहिलेलं हवं. पूरक खाऊवर मांजर जगवू नका.

२. घटकांच्या यादीत कोंबडी, मासा असे प्राणिज पदार्थ सुरुवातीला हवेत. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय निकामी होऊ शकतं, हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. दृष्टीही जाऊ शकते. घर शाकाहारी असलं तरी दूध-पोळीवर मांजर ठेवणं मला पटत नाही. नुसती उकडलेली कोंबडीही पुरेशी नाही, तिच्यात कॅल्शियम फारच कमी असतं.

३. दिवसातलं एक खाणं तरी वेट फूडचं द्या. त्यावर प्रथिनं १० टक्के आणि ड्राय फूडवर ३२ टक्के लिहिलेलं पाहून फसू नका. पाणी वजा करून पाहा. ७८ टक्के पाणी असलेल्या वेट फूडच्या कोरड्या भागात प्रथिनं सुमारे ४५ टक्के निघतात, तर ड्राय फूडमध्ये जेमतेम ३६.

४. खाणं मोजून द्या. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात. लठ्ठ मांजराला स्वतःचं अंग नीट साफही करता येत नाही.

हे चारही जमलं की मग ‘हेअरबॉल’ हा शब्द पाहा. असला तर ठीक, नसला तरी बिघडत नाही. नवं खाणं जुन्यात मिसळत सात ते दहा दिवसांत बदला.

तूप चाटवावं का?

“चमचाभर तूप दिलं की गोळा सरकतो,” असं अनेक जण सांगतात. पण तूप लहान आतड्यातच पचून शोषलं जातं. वंगण म्हणून पुढे फारसं काही उरत नाही, कॅलरी तेवढ्या वाढतात. पॅराफिन तेल जबरदस्तीने तोंडात ओतणं तर धोक्याचं आहे, ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्यापेक्षा रोज पाच मिनिटं ब्रश फिरवा, लांब केसांच्या पर्शियन मांजरावर तर नक्कीच. ब्रशमध्ये आलेला केस पोटात जात नाही. माझ्या मते कुठल्याही पाकिटापेक्षा हा उपाय खात्रीचा आणि स्वस्त.

हे दिसलं तर थांबू नका

मांजर पुन्हा पुन्हा उबळ काढतंय पण बाहेर काहीच पडत नाही, दिवसभर खाल्लेलं नाही, शौचाला झालेलं नाही, पोट फुगलंय, मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. गोळा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रिया लागू शकते. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून जीवावर बेतू शकतं. आणखी एक गोष्ट: मान पुढे ताणून, अंग जमिनीलगत नेऊन येणारी उबळ कित्येकदा ओकारी नसून खोकला असतो. मांजरांनाही दमा होतो. असं झालं की मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि पशुवैद्याला दाखवा. तुमच्या वर्णनापेक्षा तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ निदानाला जास्त उपयोगी पडेल.