चिखलांतला बंब

विमानतळावरील आगीच्या बंबांत पाणी किती मावतें आणि फेंसाचा फवारा किती लांब जातो, एवढेंच आपण विचारतों. खरी चौकशी त्याच्या चाकांची करावयास हवी. १ जुलै २०१९ च्या रात्रीं, भर पावसांत, मुंबईस उतरलेलें एक विमान धावपट्टी ओलांडून चिखलांत रुतलें. सुदैवानें आग लागली नाहीं. तें बाहेर काढीपर्यंत मुख्य धावपट्टी मात्र कांहीं दिवस बंद होती. आग लागती तर बंबांनाही त्याच चिखलांत शिरावें लागतें!

आंतरराष्ट्रीय नियमान्वयें धावपट्टीच्या कोणत्याही भागीं बंब तीन मिनिटांच्या आंत पोंचला पाहिजे. मोठ्या बंबानें ४० सेकंदांत ताशीं ८० किलोमीटरचा वेग घ्यावा, अशीही अपेक्षा असते. आतां दहा हजार लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचेंच वजन दहा टन. हा भार जितक्या अधिक जागेवर पसरेल तितकें रुतणें कमी. म्हणून टायर रुंद घेतात व त्यांत हवेचा दाब बेताचा ठेवतात. उंटाच्या पसरट तळव्याचेंच हें तत्त्व. मागील आंसावर जोडचाकें न लावतां एकेरी चाकें लावणें बरें, कारण तीं पुढच्या चाकांनीं दाबून दिलेल्या चाकोरींतूनच जातात. काळ्या रानांतील गाडीवानास चाकोरीचें महत्त्व सांगावें लागत नाहीं.

ब्रिटिश वायुदलासाठीं १९५० नंतरच्या दशकांत अल्विस कंपनीनें ‘सॅलमँडर’ हा सहाचाकी बंब बांधला. नांव अग्नींत राहणाऱ्या कल्पित प्राण्याचें, पण करामत चिखलांतली! त्याच्या एकेका बाजूचीं तिन्ही चाकें दांड्यांनीं व दांतेरी चक्रांनीं अशीं जखडलेलीं होतीं कीं तीं सारख्याच गतीनें फिरत. त्यामुळें एक चाक नुसतें गरगरलें तरी त्या बाजूचीं इतर दोन ओढीत राहत. परंतु वळतांना प्रत्येक चाकाची वाट निराळ्या लांबीची असते. मऊ जमिनीवर चाक किंचित् घसरून तो ताण निघून जातो. काँक्रीटवर तो आंतल्या दांड्यांतच सांठत जातो. विमानतळावर तर काँक्रीटच अधिक.

यास्तव हल्लीं चाकांना निरनिराळ्या गतीनें फिरूं देणारें डिफरन्शिअल ठेवून, चिखल येतांच चालकानें तें जखडावें, अशी सोय असते. ती कळ रुतण्यापूर्वीं दाबावी लागते. चाकांनीं खड्डा केल्यावर तिचा फारसा उपयोग नाहीं. आमच्या मतें, बंब ताब्यांत घेण्यापूर्वीं त्याची परीक्षा श्रावणांतल्या ओल्या मातींत व्हावी, आणि तीही टाकी कांठोकांठ भरून.