विजेच्या गाडीचा स्वर

आपल्या ज्ञानेंद्रियांपैकीं कानाची आबाळ सर्वांत अधिक होते, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. डोळ्यांनीं पाहावें कसें हें आम्ही मुलांस चित्रकलेच्या तासास शिकवितों. हातांनीं मोजावें कसें हें प्रयोगशाळेंत शिकवितों. परंतु कानांनीं ऐकावें कसें हें शिकविण्यास आमच्या वेळापत्रकांत एकहि तास नाहीं. ‘गप्प बसा आणि ऐका’ एवढीच काय ती आमची श्रवणविद्या. आणि त्या ऐकण्यांत आमच्या स्वतःच्या आवाजाखेरीज दुसरें कांहीं आम्हांस अभिप्रेत नसतें. ही उणीव आमच्या ध्यानांत एका विद्यार्थ्यामुळें आली. ती हकीकत प्रथम सांगून मग आमचें मत वाचकांपुढें ठेवूं.

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत भूमितीचा तास चालू असतां मागल्या बाकावरून बारीक गुणगुणणें ऐकूं आलें. तो स्वर पायरीपायरीनें वर चढे, क्षणभर एका जागीं टिके आणि मग लांबत जाई. आम्हीं त्या विद्यार्थ्यास उभें केलें आणि संगीताचा वर्ग खालच्या मजल्यावर भरतो असें त्यास सुनावलें. वर्ग हसला. तो मुलगा मान खालीं घालून म्हणाला, “सर, हें गाणें नाहीं. ही जपानची गाडी आहे.” वर्ग अधिकच हसला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि हसलों. तास संपेपर्यंत तो उभाच होता.

पुढल्याच आठवड्यांत त्याचे वडील भेटीस आले. मुलगा शाळा सुटल्यावर घरीं न येतां कल्याण स्टेशनावर बसून राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज फोनमध्यें भरून घेतो आणि रात्रीं तेच ऐकत पडतो, अशी त्यांची तक्रार होती. “सर, तुम्हीच त्याला चांगला दम द्या. आमचें तो ऐकत नाहीं. पाहुणे विचारतात, ह्याला झालें आहे तरी काय? आम्हीं काय सांगावें?” बोलतां बोलतां त्यांचा आवाज दाटून आला. मुलगा वाया जातो कीं काय, ही भीति त्यांच्या मनांत होती; आणि त्या भीतींत आमच्या वर्गांतील हसण्याचाहि वांटा होता, हें आम्हांस मनोमन उमगलें. दम देण्यापूर्वीं चौकशी तरी करावी, एवढें शहाणपण त्या दिवशीं आम्हांस सुचलें.

चौकशी केल्यावर जें कळलें तें असें. जपानांत तोकियो शहरापासून योकोहामाकडे जाणारी केइक्यू नांवाची रेल्वे आहे. तिनें १९९८ सालीं ज्या नव्या गाड्या आणल्या, त्यांत जर्मनींतील सीमेन्स कंपनीचीं विद्युत्-यंत्रें बसविलेलीं होतीं. ती गाडी स्टेशनांतून हलूं लागली, कीं तिच्या खालून सप्तकाच्या चढत्या स्वरांसारखे स्वर निघत. तेथील लोक तिला ‘गाणारी गाडी’ म्हणत. पुढें यंत्रें बदलत गेलीं, आणि २०२१ सालीं तशा शेवटच्या गाडीस प्रवाशांनीं निरोप दिला. ऑस्ट्रियाच्या रेल्वेचें २००० सालापासून धांवूं लागलेलें ‘टॉरस’ जातीचें एंजिनहि सुटतांना असेंच स्वरांची शिडी चढतें. म्हणजे आमचा विद्यार्थी वर्गांत खोटें बोलला नव्हता. अज्ञान आमचें होतें.

आतां हे स्वर येतात कोठून? भारनियमनाच्या दिवसांत आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं इन्व्हर्टर आला. तो बॅटरींतील एकाच दिशेनें वाहणारी वीज घेतो आणि तिच्यापासून उलटसुलट वाहणारी वीज बनवितो. तें करतांना तो गुणगुणतोहि, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. विजेच्या गाडीच्या पोटांत असाच, पण फार मोठा इन्व्हर्टर असतो. आज आपल्याकडील बहुतेक नव्या गाड्यांत त्रिकला मोटार असते. तिचा वेग तिला मिळणाऱ्या विजेच्या कंपनसंख्येवर अवलंबून राहतो. चार ध्रुवांची मोटार दर सेकंदास ५० कंपनांच्या विजेवर चालविली, तर तिच्यांतील चुंबकीय क्षेत्र मिनिटास १५०० फेरे घेतें. परंतु गाडी तर उभ्या स्थितींतून हळूहळू वेग घेणार! तारेंतील वीज मात्र ठराविक ५० कंपनांचीच. म्हणून प्रथम रोहित्रानें दाब उतरवावयाचा, मग ती वीज एकदिश करावयाची, आणि शेवटीं इन्व्हर्टरनें तिचे बारीक तुकडे पाडून त्यांतून हव्या त्या कंपनसंख्येची लाट घडवावयाची, अशी योजना असते.

हे तुकडे पाडण्याच्या क्रियेची स्वतःची एक लय असते. प्रत्येक तुकड्यासरशी मोटारींतील लोखंडावर चुंबकीय ओढ कमीजास्त होते, लोखंड किंचित् थरथरतें, आणि ती थरथर हवेवाटे आपल्या कानीं पडते. पहिल्या पिढींतील इन्व्हर्टरमध्यें जी. टी. ओ. थायरिस्टर नांवाच्या विद्युत्-कळा असत. त्यांस सेकंदास कांहीं शें वेळांच उघडमीट करितां येई. आणि सेकंदास कांहीं शें कंपनें म्हणजे तर पेटीवरील मधल्या पट्ट्यांचीच वस्ती! म्हणून त्या गाड्यांचा आवाज मनुष्याच्या गळ्याच्या इतका जवळचा वाटे. गाडीचा वेग वाढला, कीं एका लाटेंत पाडावयाच्या तुकड्यांची संख्या टप्प्याटप्प्यानें कमी करावी लागते. त्यामुळें स्वर चढत जातो, एकदम उतरतो आणि पुनः चढूं लागतो, एस. टी.चा चालक घाटाखालीं गिअर बदलतो तेव्हां आवाज जसा पडतो, तसाच हा प्रकार कानास भासतो. जर्मन एंजिनिअरांनीं एवढेंच केलें, कीं जो आवाज टाळतां येत नाहीं तो निदान सुरांत तरी बसविला.

ह्याशिवाय दांतेरी चाकांचा स्वर असतो तो निराळाच. समजा, मोटारीच्या दांड्यावरील चाकास २० दांते आहेत आणि तें सेकंदास ३० फेरे घेतें. तर दांत्यांस दांता सेकंदास ६०० वेळां भिडेल आणि ६०० कंपनांचा स्वर निघेल. हा गुणाकार पांचवींतील मुलासहि करितां येईल. परंतु हा गुणाकार आपण रोज लोकलमध्यें उभे राहून ऐकत असतों, हें आम्हांस पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतें.

आपल्या प्रांताचा तर ह्या विषयाशीं फार जुना संबंध आहे. हिंदुस्थानांतील पहिली विजेची प्रवासी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून कुर्ल्यास गेली. ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर चाले. त्या पद्धतीच्या गाड्यांत इन्व्हर्टर नव्हता. वेग आवरण्यास रोधकांचा उपयोग करीत, आणि गाडी सुटतांना पायांखालीं खटखट असे एकामागून एक खटके पडत. मग मोटारींची व दांत्यांची घरघर चढत जाई. मुंबईच्या कित्येक पिढ्या त्या आवाजावर लहानाच्या मोठ्या झाल्या. २००७ पासून नव्या त्रिकला गाड्या येऊं लागल्या. तारांतील वीज टप्प्याटप्प्यानें २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती करण्यांत आली. आणि एप्रिल २०१६ मध्यें हार्बर मार्गावरून जुन्या पद्धतीची शेवटची लोकल गेली. एक्याण्णव वर्षें जो आवाज शहराच्या कानांत होता, तो असा गेला. त्या दिवशीं आम्ही कोठें होतों आणि काय ऐकत होतों, हें आम्हांस आठवतहि नाहीं.

हें सर्व समजल्यावर एका शनिवारीं दुपारीं आम्ही, तो विद्यार्थी व त्याचे वडील असे तिघे कल्याणास गेलों. फलाटाच्या मध्यभागीं बाकावर, रुळांपासून दूर, त्यास पाठमोरा बसविला. आठ गाड्या गेल्या. कोणती लोकल जुन्या घडणीची व कोणती नव्या, कोणती गाडी एंजिनानें ओढलेली, हें त्यानें न पाहतां सांगितलें. सात उत्तरें बरोबर आलीं. आठवें चुकलें, तेव्हां तो फार खजील झाला, परंतु क्षणभरानें स्वतःच म्हणाला, “सर, तिच्या मोटारी बंद होत्या. ती नुसती घरंगळत आली. चाकांखेरीज ऐकायला कांहीं नव्हतेंच.” आपली चूक कशामुळें झाली हें इतक्या नेमकेपणानें सांगणारा विद्यार्थी आम्हांस वर्षांतून एखादाच भेटतो. त्याचे वडील कांहीं बोलले नाहींत. परततांना मात्र त्यांनीं मुलास विचारलें, “आपली गाडी कोणती रे?” आणि ठाकुर्ली येईपर्यंत ते त्याचें उत्तर ऐकत होते.

ह्यावरून आमचें मत असें बनलें आहे, कीं मुलाच्या जगावेगळ्या छंदाकडे खोड म्हणून पाहण्यापूर्वीं त्यांत विद्या दडलेली आहे काय, हें वडील माणसांनीं स्वतः कष्ट घेऊन पाहिलें पाहिजे. ह्यावर कोणी म्हणेल, कीं अशा छंदानें परीक्षेंतील गुण वाढतात काय? ह्याचें उत्तर आम्हीं प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. त्या विद्यार्थ्याचे भूमितीचे गुण फारसे वाढले नाहींत. परंतु लाटेचें चित्र कसें काढतात हें त्यानें होऊन विचारलें, आणि त्रिकोणमितीचें कोष्टक मागून नेलें. आणखी एक गोष्ट झाली. पूर्वीं तो मधल्या सुटींत एकटा बसे. आतां दोघे-तिघे त्याच्याजवळ बसतात. आमच्या मतें ही प्राप्ति गुणांहून हलकी नव्हे.

दुसरा आक्षेप असा, कीं यंत्राचा आवाज म्हणजे उपद्रव. त्याचें कौतुक कसलें? ह्या आक्षेपांत तथ्य आहे. रुळांलगतच्या चाळींत आजारी माणसें व तान्हीं मुलें निजतात. त्यांस शांतता हवी. जी. टी. ओ. जाऊन आय. जी. बी. टी. जातीच्या कळा आल्या. त्या कितीतरी अधिक वेळां उघडमीट करितात. आतां सिलिकॉन कार्बाइडच्या कळा येत आहेत. जपानच्या २०२० सालच्या एन ७०० एस ह्या शिंकान्सेन गाडींत त्या आहेत. त्यांच्या योगानें यंत्र हलकें होतें, वीज कमी वाया जाते आणि आवाजहि कमी होतो. ही प्रगति आम्हांस इष्टच वाटते. जुना गोंगाट परत आणा, असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों, कीं जो आवाज जाणार आहे तो जाण्यापूर्वीं नीट ऐकून, नोंदून ठेवावा. जुनीं नाणीं व ताम्रपट आपण जपतों. जुने ध्वनि जपण्यास तर आज खिशांतील फोन पुरतो.

शिवाय आवाज हा सावधगिरीचाहि शब्द असतो. विजेच्या मोटारगाड्या अगदींच निःशब्द झाल्या, तेव्हां अंध पादचाऱ्यांस धोका होऊं नये म्हणून युरोपांत २०१४ सालीं कायदा झाला, आणि जुलै २०१९ पासून तेथील नव्या नमुन्याच्या विजेच्या गाड्यांस मंद वेगांत मुद्दाम आवाज करणें भाग पडलें. मग जो मुलगा कानांत बोंडें घालून रूळ ओलांडतो, तो आपल्या रक्षकास स्वतःच्या हातानें दूर लोटतो, असें म्हणावयास नको काय? विद्यार्थिमित्रहो, रूळ ओलांडूं नका, पुलावरून जा. आणि स्टेशनाच्या आवारांत पाऊल टाकतांच कान मोकळे करा. तुमच्यांतील ज्याचा कान सर्वांत तयार आहे, त्या मुलानेंहि गाडीला पाठ केली ती बाकावर बसून, रुळांपासून दूर. आणि एक गाडी त्यासहि ओळखितां आली नाहीं, हें विसरूं नका.

पालकांस आमची विनंति थोडकीच आहे. आपला मुलगा किंवा मुलगी एखाद्या गोष्टींत विलक्षण गढून गेलेली दिसली, तर एक दुपार तिच्यासाठीं काढा आणि बरोबर जाऊन बसा. न समजल्यास विचारा. मुलांस सांगावयास आवडतें. आणि आमच्या शिक्षकबंधूंस विनंति ही, कीं वर्गांत कोणी गुणगुणल्यास त्यास अवश्य थांबवा, पण तास संपल्यावर तें काय होतें हें त्यास एकांतीं विचारा. आम्हीं तसें विचारलें नाहीं. आणि वर्ग हसला तेव्हां आम्ही त्यास आवरलें नाहीं. त्याबद्दल आम्हीं त्या विद्यार्थ्याची वर्गासमोर क्षमा मागितली आहे. यंदा तो दहावींत आहे, आणि शनिवारीं दुपारीं त्याचे वडील त्याच्याबरोबर कल्याणास जातात.