चाळीला नकाशावर चाळच म्हणा

वरळीच्या बीडीडी चाळी उपग्रहाच्या चित्रात लांबट चौकोनांच्या रांगांसारख्या दिसतात. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर 20 खोल्या, एकेक खोली जेमतेम 160 चौरस फुटांची. म्हणजे त्या एका चौकोनात 80 बिऱ्हाडे. संडास मजल्यावर सामायिक. याच चौकोनावर नकाशा करणाऱ्याने 'अपार्टमेंट' असा शिक्का मारला, की संडासाची रांग नकाशातून पुसली जाते आणि प्रत्येक खोलीत स्वतंत्र न्हाणीघर असल्याचा समज होतो.

हा प्रश्न आता फक्त सरकारी भूमापकांचा राहिलेला नाही. 2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीही स्वयंसेवक घरबसल्या इमारतीची बाह्यरेषा काढू शकतो. मग तिचा प्रकार लिहायचा: स्वतंत्र घर, अपार्टमेंट, एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग, झोपडी. ठाऊक नसेल तर नुसते 'होय', म्हणजे इथे इमारत आहे एवढेच. आजही या नकाशातल्या बहुतांश इमारतींपुढे हे 'होय'च आहे. 2010 च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचा नकाशा काही दिवसांत उभा केला. तेव्हा वेग महत्त्वाचा होता. शांततेच्या काळात मात्र एवढ्यावर थांबणे परवडणारे नाही.

का, ते किल्लारीने दाखवले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हादरली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत झोपेतली हजारो माणसे गेली. तिथली जुनी घरे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची; वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचा मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हेच घर गारवा देते. त्या पहाटे मात्र भिंती फुटल्या आणि छताचे वजन माणसांवर आले. वरून पाहिले तर माळवदही सपाट आणि सिमेंटचा स्लॅबही सपाटच. हा फरक गावात जाऊन, भिंतीला हात लावूनच कळतो. नकाशात माळवदाची घरे वेगळी दाखवलेली असतील, तर मदतपथकाला आधी कुठे धावायचे ते कळेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भूकंपाआधीच कोणती घरे मजबूत करायची, हेही ठरवता येईल.

परदेशातले साचे इथे अपुरे पडतात. बैठ्या चाळीला 'घरांची रांग' म्हणता येईल, पण जुन्या पुण्यातल्या वाड्याचे काय? वरून मधला चौक रिकाम्या खाचेसारखा दिसतो. आत मालक आणि त्याची चार-सहा भाडेकरू बिऱ्हाडे. त्याला 'स्वतंत्र घर' म्हणणे सरळ चूक आहे. सुदैवाने ओपनस्ट्रीटमॅपवर प्रकारांची यादी बंद नाही. नवा शब्द लिहिता येतो, शिवाय मजले, भिंतीचे साहित्य, घरांची संख्या यांच्या नोंदी स्वतंत्रपणे जोडता येतात. तेव्हा मराठी स्वयंसेवकांनी आपसात ठरवून चाळ, वाडा, माळवदाचे घर हे शब्द बेलाशक वापरावेत. खात्री नसेल तिथे 'होय'च राहू द्यावे. रिकामी जागा पुढचा माणूस भरतो. चुकीची नोंद मात्र कोणी तपासायला जात नाही.

महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना हे काम सहज जमेल. गल्लीत शिरायचे, जिने मोजायचे, संडास आत की बाहेर ते विचारायचे, भिंत विटेची की पत्र्याची ते पाहायचे. राहणाऱ्यांची नावे टिपायची गरज नाही, टिपूही नयेत.

बीडीडी चाळींच्या बाबतीत हे लवकर व्हायला हवे. 2025 मध्ये वरळीत पुनर्विकासातल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या. रहिवाशांना 160 ऐवजी 500 चौरस फूट मिळाले, याचा आनंदच आहे. तिथली नोंद आता बदलून 'अपार्टमेंट' करावी, ती खरीही ठरेल. पण ओपनस्ट्रीटमॅप जुन्या नोंदींचा इतिहास जपून ठेवतो, आणि नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या ज्या चाळी अजून उभ्या आहेत, त्यांच्या चौकोनांपुढे 'चाळ, चार मजली, 80 खोल्या' हे आजच लिहिता येईल.